आगोटीची बेगमी आणि सहा गठ्ठे



रेवसच्या या स्मृती व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा संयोजकांनी विषयही सुचवला होता: रोजच्या जगण्यातला व्यवस्थितपणा. मला का बोलावलं हे लगेच कळलं. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. म्हणजे नोकरीभर मी कागद लावले, कागद शोधले आणि कागद सापडत नाही म्हणून समोर उभ्या असलेल्या माणसाचं तोंड पाहिलं. या विषयावरचं माझं शिक्षण एवढंच. (हशा)

या विषयावर बोलणारे हल्ली पुष्कळ झालेत. मोबाईल उघडला की कोणीतरी सांगत असतो, पहाटे पाचला उठा, अंथरूण आवरा, दिवसाची यादी करा, आयुष्य बदलेल. मी विचारते, ज्या माणसाची भरती पहाटे अडीचला आहे त्याने पाचला उठून काय करायचं? आणि ज्या बाईला नळाचं पाणी येईल तेव्हा उठावं लागतं, तिने कुणाची यादी पाळायची?

माझं म्हणणं थोडक्यात आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच उठून जायला हरकत नाही. व्यवस्थितपणा हा माणसाच्या स्वभावाचा गुण आहे असं आपण धरून चालतो. 'तो पहिल्यापासूनच टापटिपीचा', 'हिचा हात धांदरटच' असं म्हणतो आणि विषय संपवतो. मला अनुभवाने उलटं वाटतं. व्यवस्था माणसात कमी आणि मांडणीत जास्त असते. वस्तूची जागा ठरली, कामाची वेळ ठरली, आणि या दोन्ही गोष्टी आपल्याखेरीज आणखी कुणाला माहीत असल्या, की विसराळू माणसाचाही संसार नीट चालतो. यातली तिसरी अट आपण नेहमी विसरतो. म्हणून तिच्यासाठी मी शेवटचा वेळ राखून ठेवला आहे.

निश्चयाने माणूस व्यवस्थित होतो का? बेंजामिन फ्रँकलिन हे अमेरिकेतले मोठे गृहस्थ. मुद्रक, शास्त्रज्ञ, मुत्सद्दी. त्यांनी तरुणपणी तेरा सद्गुणांची यादी केली, वही आखली, आणि रोज रात्री कुठे चुकलो त्याच्या खुणा करायला लागले. त्या तेरांमध्ये एक गुण व्यवस्थितपणा हा होता. आत्मचरित्रात त्यांनी मोकळेपणाने लिहिलंय की याच गुणाने मला सगळ्यांत जास्त छळलं आणि तो काही मला साधला नाही. विजेवर प्रयोग करणाऱ्या माणसाला टेबल आवरता आलं नाही! तेव्हा आपण फार मनाला लावून घेऊ नये.

आता इकडे, आपल्या धक्क्याकडे या. डोल जाळं मारायला जाणाऱ्या होडीवर तांडेल असतो, खलाशी असतात. सगळेच काही स्वभावाने टापटिपीचे नसतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्या घरी गेलात तर चप्पल एक इकडे, एक तिकडे. पण होडीवर? अंधारात, पाणी हलत असताना, दोर हवा असेल तर हात बरोबर दोरावर पडतो. बत्ती कुठे, कोयता कुठे, पिण्याच्या पाण्याचा कॅन कुठे, विचारावं लागत नाही. माणूस तोच. घरात तो अव्यवस्थित आणि होडीवर व्यवस्थित, हे कसं? कारण होडीवर जागा ठरलेली आहे, आणि ती त्याच्या एकट्याच्या लहरीने ठरलेली नाही. शिवाय होडीत वस्तू मुळात कमी. घरात आपण भरमसाट गोष्टी आणतो, त्यांना जागा देत नाही, आणि मग मुलांना ओरडतो की तुम्हाला शिस्त नाही.

पहिला मुद्दा जागेचा झाला. त्यावर मी फार बोलणार नाही, तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

दुसरा मुद्दा वेळेचा. इथल्या जुन्या माणसांना भरतीचं गणित तोंडपाठ असतं. तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला पूर्ण पाणी, अष्टमीला सहाच्या सुमाराला. रोज पाणी पाऊण तासाहून थोडं जास्त पुढे सरकतं. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. गणित ढोबळ आहे, पण बिनघड्याळाच्या माणसाचं काम त्यावर पिढ्यान् पिढ्या चाललं. धरमतरच्या खाडीत गाळ किती आहे हे तुम्हाला सांगायला नको. ओहोटीला लाँच लावायची म्हणजे काय कसरत असते, हे भाऊच्या धक्क्यावरून इथे आलेल्या प्रत्येक प्रवाशाने पाहिलंय.

यातून मी काय घेते? समुद्राचं वेळापत्रक रोज बदलतं, पण ते बेशिस्त नाही. रोज त्याच वेळेला तेच काम करणं ही एकच शिस्त आहे असं शहरातल्या ऑफिसांनी आपल्याला शिकवलं. घर त्या शिस्तीने चालत नाही. घरात आजारी माणूस असतो, परीक्षा असते, पाहुणे येतात, मासळी उशिरा येते. मग वेळापत्रक मोडतं, आणि मोडलं की आपण ते टाकून देतो. त्याऐवजी काम एखाद्या घडणाऱ्या गोष्टीला बांधा. बाजारातून घरी आलं की पिशवी रिकामी करूनच खुंटीला लावायची. दर अमावास्येला गॅस, औषधं, मीठ-मिरची पाहून घ्यायची. पगार किंवा मासळीचे पैसे हातात आले की आधी हप्त्याचे पैसे बाजूला. घड्याळ बघावं लागत नाही, आणि दिवस कितीही फिसकटला तरी ते काम आपल्या जागी येतंच.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते. आगोट.

मे महिन्यात आपल्याकडच्या घराघरांत जे चालतं ते कोणी नीट पाहिलंय का? पाहिलंय सगळ्यांनी, पण त्याला नियोजन म्हणायचं कुणाला सुचत नाही, कारण ते बायका करतात. पाऊस मृगाला येणार. त्याच्या आत चार महिन्यांचं घर भरायचं. बोंबील कडकडीत वाळले पाहिजेत, जरा दमट राहिले तर श्रावणापर्यंत कुबट वास सुटतो. जवळा, सोडे, वाकट्या, मांदेली, प्रत्येकाचं ऊन वेगळं, डबा वेगळा. मिरच्या आणायच्या, त्या एका जातीच्या आणून भागत नाही, तिखटाला एक आणि रंगाला दुसरी. देठं काढायची, ऊन द्यायचं, गरम मसाला भाजायचा आणि डंकावर कुटायला न्यायचा. मग मसाला बरणीत दाबून भरायचा, मध्ये हवा राहू द्यायची नाही, वर हिंगाचे खडे ठेवायचे, तोंडाला फडकं बांधायचं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा वाशाला टांगायच्या, जमिनीवर ठेवल्या तर कांदा कुजतो. लाकडं पडवीत रचायची, ती अशी की सुकी आधी हाताला येतील. पापड, कुरडया, लोणचं, कुळीथ. तिकडे पुरुष मंडळी कौलं परतताहेत, होड्या वर ओढून शाकारताहेत, कारण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद.

आता बघा, या आगोटीत काय काय आहे. मुदत आहे, आणि ती आपण ठरवलेली नाही, त्यामुळे 'पुढच्या आठवड्यात करू' हे चालत नाही. मोजमाप आहे. घरात खाणारी तोंडं किती, गणपतीला मुंबईची मंडळी किती येणार, किलोभर सोडे पुरतील की दीड लागतील, हा हिशेब ती बाई कागदाला हात न लावता करते. कामांचा क्रम आहे. बोंबील आधी, कारण त्याला ऊन जास्त लागतं, मसाला मग. जागा आहे: रोज लागणारं हाताशी, सणाला लागणारं माळ्यावर. आणि जुनं पुढे, नवं मागे, हा नियम तर प्रत्येक सासूने प्रत्येक सुनेला सांगितलेला. बड्या कंपन्यांच्या गोदामात हेच शिकवायला माणसं नेमतात आणि त्यांना चांगला पगार देतात. आमच्या बायकांना त्याबद्दल काय मिळालं? 'तुला काय काम असतं घरी?' हा प्रश्न मिळाला. असो.

सांगायचं एवढंच की ज्या घरात आगोट भरली जाते त्या घरात व्यवस्थितपणा नाही असं मी मानायला तयार नाही. तो फक्त स्वयंपाकघरात अडकून पडलाय. शेजारच्या खोलीत, कपाटाच्या खणात, जिथे घरातले कागद असतात, तिथे तो पोचलेला नाही. त्या खणात काय असतं ते मी डोळे मिटून सांगते. प्लॅस्टिकच्या पिशवीत दुसरी पिशवी. तिच्यात विजेची जुनी बिलं, लग्नाच्या पत्रिका, बंद पडलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड, एका मुलाच्या जन्माचा दाखला, दुसऱ्याचा नाही, बँकेचं संपलेलं पासबुक, आणि अगदी तळाशी, चार घड्या घातलेला, कडा झिजलेला, आजोबांच्या नावाचा सातबारा.

इथे मला माझ्या खात्यातली एक गोष्ट सांगायची आहे, कारण महाराष्ट्रात कारभार व्यवस्थित लावण्याचा मला माहीत असलेला सगळ्यांत चांगला प्रयोग तोच. 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अनिलकुमार लखिना हे अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. तो जिल्हा आता अहिल्यानगर. त्या काळचं सरकारी कार्यालय कसं असायचं? टेबलावर फायली, टेबलाखाली फायली, खुर्चीच्या मागे फायली, आणि कारकून त्या किल्ल्याच्या आत बसलेला. लखिना साहेबांनी ते कार्यालय मुळापासून लावून घेतलं. जुनं रेकॉर्ड वर्गवारी करून ठेवलं, नको ते काढून टाकलं, बसायची व्यवस्था बदलली. पुढे 'लखिना पॅटर्न' या नावाने तो राज्यात ओळखला गेला. त्यातली कारकुनांना पाठ झालेली गोष्ट म्हणजे सहा गठ्ठे पद्धत.

कारकुनाने आपल्याकडचा प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात ठेवायचा. पहिला प्रलंबित प्रकरणांचा: ज्यावर आपण काहीतरी करायचं बाकी आहे. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा: आपण आपलं काम केलंय, उत्तर दुसऱ्याकडून यायचंय. तिसरा नियतकालिकांचा: जे ठरलेल्या मुदतीने पाठवावंच लागतं. चौथा स्थायी आदेशांचा: जे नियम वारंवार पाहावे लागतात. पाचवा निकाली निघालेल्या, अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा. आणि सहावा, नष्ट करायच्या कागदांचा.

साधी गोष्ट आहे ना? पण हिच्यात एक मोठी अक्कल आहे, आणि ती दुसऱ्या गठ्ठ्यात आहे. आपल्या डोक्यावर जो भार असतो त्यातला अर्धाअधिक कामांचा नसतोच. तो वाट पाहण्याचा असतो. वारस नोंदीचा अर्ज दिलाय, अजून झालं नाही. इलेक्ट्रिशियन येतो म्हणाला, आला नाही. भावाने पैसे देतो सांगितलं, दिले नाहीत. या सगळ्या गोष्टी आपण 'माझी कामं' म्हणून डोक्यात घेऊन फिरतो आणि दमतो. वास्तविक आज आपण त्यात करण्यासारखं काही नसतं. त्या वेगळ्या काढा. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा: कुणाकडे अडलंय, आणि कधी विचारायचं. तो दिवस येईपर्यंत ते विसरायला मोकळे. विसरण्याची परवानगी मिळणं ही किती मोठी सोय आहे हे ज्याने करून पाहिलं त्यालाच कळेल.

वारस नोंदीचं उदाहरण मुद्दाम घेतलं. अर्ज तलाठ्याकडे देतात. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, 2024 साली पदनाम बदललं. माझ्या तोंडात अजून तलाठीच येतं. फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. म्हणजे रोज चावडीवर खेटे घालण्यात अर्थ नाही, आणि अर्ज दिला म्हणून वर्षभर झोपण्यातही नाही. पोच घ्या, तिच्यावर तारीख बघा, पंधरा-वीस दिवसांनंतरची खूण कॅलेंडरवर करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मोबाईलमधली आठवण ज्याचा मोबाईल त्यालाच दिसते.

बाकीचे गठ्ठे घरात कसे बसतील? नियतकालिकं म्हणजे होडीच्या परवान्याचं नूतनीकरण, विमा, घरपट्टी, मुलांची फी. एका पानावर बारा महिने लिहा आणि ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

चौथ्या गठ्ठ्याबद्दल मात्र जरा सांगायला हवं. घरातही स्थायी आदेश असतात, फक्त ते लिहिलेले नसतात. पाण्याची मोटर कशी चालू करायची, गॅसवाल्याचा नंबर, आजीला कुठल्या गोळीचं वावडं, कुणाचा रक्तगट काय. आदेश कसा लिहावा, याचा नमुना पाहायचा असेल तर शिवाजी महाराजांचं चिपळूण भागातल्या छावणीला गेलेलं पत्र वाचा, राज्याभिषेकाच्या आसपासचं. राज्य उभं करणारा माणूस त्यात काय लिहितो? गवताच्या गंज्या आहेत, रात्री दिवे जळते ठेवू नका, एखादा उंदीर पेटती वात पळवून नेईल, गवताला आग लागेल, घोड्यांना दाणावैरण उरणार नाही. मग तुम्ही रयतेला त्रास द्यायला लागाल. उंदरापासून रयतेच्या मनापर्यंत सरळ धागा आहे. 'काळजी घ्या' एवढंच लिहून महाराज थांबले नाहीत. आपण घरात नेमकं तेवढंच सांगतो, 'नीट ठेव रे', आणि अपेक्षा करतो की ते नीट ठेवलं जाईल.

पाचवा आणि सहावा गठ्ठा हे जोडीने बघायचे. सरकारी रेकॉर्डचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. अ म्हणजे कायम ठेवायचं. ब म्हणजे 30 वर्षं. क-1 10 वर्षं, क 5 वर्षं, आणि ड एक वर्ष, मग नष्ट. हा नियम मला संसारालाही लागू करावासा वाटतो. जन्म-मृत्यूचे दाखले, खरेदीखत, फेरफार, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, हे अ. कर्जाची कागदपत्रं कर्ज फिटल्यावरही राहू द्या, बँकेचा बोजा सातबाऱ्यावरून उतरेपर्यंत तर नक्कीच. विजेची जुनी बिलं, मिक्सरची वॉरंटी, तेहतीस लग्नांच्या पत्रिका, हे ड. जाळा किंवा रद्दीत घाला. एक धोक्याची सूचना मात्र देते: जुना कागद वाचल्याशिवाय ड मध्ये टाकू नका. आपल्या भागात पूर्वी खोती होती. चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून 1939 पर्यंत, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली, जमिनी पडीक ठेवून संप केला तो याच अलिबाग तालुक्यात. पुढे कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला, तेव्हा जमीन कोण कसतो याचा पुरावा म्हणून लोक काय शोधत होते? पीकपाहणीत नाव आहे का, खंडाची पावती आहे का. कसणारा कागदावर दिसला तर त्याचं म्हणणं ऐकलं गेलं. ज्याने पावती घेतली नव्हती, किंवा घेऊन चुलीत घातली होती, त्याच्याकडे फक्त हाताचे घट्टे उरले. आता इथे पूल होतोय, रस्ते येताहेत, मोजणीवाले फिरताहेत. मी जास्त बोलत नाही.

जगभर घर आवरायला शिकवणाऱ्या मारी कोंडो नावाच्या जपानी बाई आहेत. जी वस्तू हातात घेतल्यावर आनंद देत नाही ती टाका, असं त्या सांगत. सातबारा हातात घेऊन कुणाला आनंद झालेला मी पाहिलेला नाही, तरी तो टाकू नये. (हशा) त्याच बाईंनी 2023 साली सांगून टाकलं की तिसरं मूल झाल्यापासून माझं घर पूर्वीसारखं आवरलेलं नसतं. ते वाचून मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

आता राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येते. व्यवस्था नक्की कुणासाठी करायची?

अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. बसस्टँडवरून समुद्राकडे जाताना तिच्या कुंपणावरून आपण शेकडो वेळा गेलो असू. पृथ्वीच्या चुंबकत्वाची ही मोजणी मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चालू होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. विजेच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार. तेव्हा त्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली, ती आपलं अलिबाग. 1904 साली काम इथे सुरू झालं. आणि मूस साहेबांनी काय केलं? जुनी वेधशाळा लगेच बंद केली नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे एकमेकांशी जुळवून घेता यावेत आणि साखळी तुटू नये. घर बदलताना आपण एवढा विचार करतो का?

पण गंमत पुढेच आहे. 1859 सालच्या सप्टेंबर महिन्याच्या सुरुवातीला सूर्यावरून उठलेलं एक प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत कोणीतरी नेहमीप्रमाणे काट्याकडे बघून वहीत आकडा लिहीत होतं. आकडा विलक्षण घसरला होता. त्याने तो लिहिला, पुढच्या वेळेचा लिहिला, त्याच्या पुढचा लिहिला. काय घडतंय हे त्याला कळलं असेल असं मला वाटत नाही. जवळजवळ दीडशे वर्षांनी, 2003 साली, त्या वादळाची ताकद किती होती हे शास्त्रज्ञांनी मांडलं, तेव्हा आधाराला आली ती त्या वहीतली नोंद. ज्याच्यासाठी लिहिलं तो वाचक जन्मायला अजून कितीतरी वर्षं होती.

याच जिल्ह्यात, महाडकडे शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला अशी परंपरा आहे. त्यात लेखनक्रियेवर एक समास आहे. संत काय सांगतोय? अक्षर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं ठेवा, ओळी सरळ ठेवा, आणि पानाच्या कडेने कोरी जागा सोडा, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर जाणार नाही. ही कोरी जागा लिहिणाऱ्याच्या उपयोगाची नाही. पुढे कधीतरी पोथी उघडणाऱ्यासाठी ती सोडायची आहे.

म्हणून माझी परीक्षा अशी आहे. तुमचं घर व्यवस्थित आहे की नाही हे तुम्ही घरात असताना ठरत नाही. तुम्ही आठ दिवस दवाखान्यात असाल, तेव्हा ठरतं. घरच्यांना औषध सापडतं का? आधार कार्ड सापडतं का? विम्याचा कागद आहे हे तरी माहीत आहे का? आपल्या बहुतेक घरांत सगळी व्यवस्था एका बाईच्या डोक्यात असते. 'आईला विचार', 'वहिनींना माहीत असेल'. ती हुशार असते, तिला सगळं आठवतं, आणि सगळे तिचं कौतुक करतात. मला हे कौतुक अजिबात पसंत नाही. ते घर व्यवस्थित नाही. ते एका माणसाच्या स्मरणशक्तीवर उभं आहे, आणि त्या माणसाला आजारी पडायचीही सवड नाही. दुसऱ्या टोकाला पुरुष मंडळी. होडीचे कागद, जमिनीचे व्यवहार, कुणाला किती दिले, कुणाकडून किती यायचे, हे त्यांच्या डोक्यात. मी नोकरीत असताना नवरा गेल्यानंतरच्या महिन्यात दाराशी आलेल्या कितीतरी बायका पाहिल्या. त्यांचा पहिला प्रश्न एकच असे: आमची जमीन कुठे कुठे आहे ते इथे कळेल का?

रेवसमध्ये उभं राहून बोलताना 17 जुलै 1947 चा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट त्या सकाळी काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. सकाळी बुडालेल्या बोटीची बातमी मुंबईला पोचेपर्यंत दुपार उलटून गेली, आणि तीही जिवंत राहिलेल्यांनीच पोचवली. इथल्या कोळ्यांनी होड्या घालून माणसं काढली. मेलेल्यांचा नेमका आकडा आजही वेगवेगळा सांगितला जातो. वादळ कुणाच्या हातात नव्हतं. पण बोटीवर कोण कोण आहे याची एक प्रत किनाऱ्यावर असणं, संकटात पहिला निरोप कसा जाणार हे आधी ठरलेलं असणं, हे माणसाच्या हातातलं असतं. त्या दिवशी या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत कर्ता माणूस गेला, आणि त्याच्याबरोबर त्याच्या डोक्यातलं सगळं गेलं.

माझं बोलणं संपत आलं. एक विनंती करते. मे महिना जवळ आला आहे. यंदाच्या आगोटीच्या यादीत एक डबा वाढवा. पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, सोड्यांसाठी घेता तसाच. त्यात अ वर्गातले कागद ठेवा, वर एका पानावर आत काय काय आहे ते लिहा, पानाचा मोबाईलवर फोटो काढा आणि तो मुंबईला असलेल्या मुलाला किंवा लेकीला पाठवा. कागद वाळलेले असू द्यात, दमट हवेत पानं चिकटतात. डबा कुठे ठेवलाय ते घरातल्या दोन माणसांना सांगा, त्यातली एक तरी बाई असू द्या. वारस नोंद राहिली असेल तर अर्जाचा नमुना मी बरोबर आणलाय, खाली टेबलावर ठेवते. ज्यांना भरून हवा असेल त्यांनी थांबावं, मी आहे.